सांगणारी आणि लिहिणारी

भागीरथा मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाली, त्या दिवशी आंजी गावात सगळ्यात जास्त पेढे तिच्याच घरी आले. गल्लीत जी जी पोरं दहावीला बसली होती, ती वर्षभर संध्याकाळी रूपरावांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि रूपरावांची ही थोरली लेक त्यांना इतिहास सांगायची, भूगोल सांगायची, विज्ञानातले प्रयोग हातवारे करून दाखवायची. ती सगळी पास झाली. सांगणारी तेवढी मागे राहिली.

पेढ्यांचे पुडे बघून तिच्या आईला, आनंदाबाईला, हसावं की रडावं कळेना.

"काय करू व मी आता ह्या पेढ्याइचं?"

"खाऊ आपण," भागीरथा म्हणाली. "त्याइनं काय गुन्हा केला?"

आणि तिने खरंच एक पेढा तोंडात टाकला. अशी होती ती. पण दुसरा घेतला नाही. पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

भागीरथेला अक्षरं एका जागी उभी दिसत नसत. दुसरं कसं सांगावं तिलाही कळत नव्हतं. म आणि भ तिला जुळ्या बहिणींसारखे वाटत, घ आणि ध यांतला कोण कोण हे ओळखेपर्यंत बाकीचा वर्ग पान उलटून पुढे गेलेला असे, आणि वेलांट्या तर चिमण्यांसारख्या या अक्षरावरून त्या अक्षरावर उडत. पाचवीत तिने स्वतःचं नाव पाटीवर 'मागीरया' असं लिहिलं होतं. मास्तरांनी ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुढे दोन वर्षं पोरं तिला त्याच नावाने हाका मारत होती. पण कानावर एकदा पडलेलं ती विसरत नसे. वर्गात नुसतं ऐकून ती नववीपर्यंत आली. गावातले मास्तर ओळखीचे, तोंडी विचारून वर ढकलायचे. बोर्डाला तोंड नव्हतं, त्याला कागद लागायचा, आणि भागीरथेच्या कागदावर जे उमटे ते तपासणाऱ्याला वाचता येत नसे.

त्या निकालानंतर शाळेत प्रेमदास सर नवे आले होते. सेलूकडचे, तिशीच्या आतबाहेरचे, भूगोल शिकवायचे. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना त्यांच्या लक्षात एक गंमत आली. काळ्या मातीचे गुणधर्म लिहा, या प्रश्नाला निम्म्या वर्गाने लिहिलं होतं, 'काळी माती पाणी सांडू देत नाही, मनात ठेवते.' हे वाक्य पुस्तकात नव्हतं. सरांनीही असं शिकवलं नव्हतं. कॉपी म्हणावी तर एक जण खिडकीजवळ, दुसरा फळ्यापाशी.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी वर्गात विचारलं.

"भागीरथाताईनं," पोरं एका सुरात म्हणाली.

त्या संध्याकाळी सर रूपरावांच्या ओट्यावर येऊन पोरांच्या मागे मांडी घालून बसले. भागीरथा तेव्हा नद्या सांगत होती. वर्धा नदी कुठून निघते, कोणाला भेटते, वाटेत तिच्यात कोण कोण येऊन मिळतं, हे ती लग्नाच्या वऱ्हाडाचं सांगावं तसं सांगत होती. सर होते म्हणून ती आधी बिचकली, मग विसरली. पोरं पांगल्यावर सरांनी तिला, ती ज्यात नापास झाली होती तो बोर्डाचा भूगोलाचा पेपर एकेक प्रश्न करून तोंडी विचारला. ती उत्तरं देत गेली. सर मनात मार्क मांडत गेले आणि शेवटी म्हणाले, "तुला ह्यात किती पडले होते?"

"नऊ," ती म्हणाली आणि खाली बघून हसली.

"मले वाटते सर, माह्या डोक्यातच काही उलटंसुलटं हाये."

प्रेमदास सर ओट्यावरून उठता उठता परत बसले. मग म्हणाले, "माझे वडील, रामाजी, शाळेच्या व्हरांड्यात बसून शिकले. आत बसू देत नसत त्यांना. पुस्तक कुठलं, पाटी कुठली, खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचे. ऐकून चौथीचं सगळं त्यांना येत होतं. तेव्हा ऐकून शिकणं म्हणजे शिकणं नव्हे, असं मला तरी कोणी सांगू नये."

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, सरांच्या ओळखीतल्या. सर, भागीरथा आणि आनंदाबाई एस.टी.ने तिकडे गेले. बाईंनी तिचे डोळे तपासले, कान तपासले, मग अर्धा दिवस तिच्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं, ठोकळे लावून घेतले, गोष्टी सांगून परत सांगायला लावल्या. शेवटी हात धुऊन त्या खुर्चीवर बसल्या.

"डोळे चांगले आहेत. बुद्धी माझ्यापेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर डोळ्यांनी दिसतं, पण त्याचा आवाज डोक्यात लवकर लागत नाही. असं असतं काही जणांचं. आपल्याकडे अजून फारसं कोणाला ठाऊक नाही, बाहेर याच्यावर पुस्तकं निघाली आहेत."

"म्हणजे मी ढ नाई?" भागीरथेने विचारलं.

"अजिबात नाही."

"मंग ह्याले औषध काय?" आनंदाबाईने पदराचं टोक मुठीत धरून विचारलं.

"औषध नाही. हिला कोणी वाचून दाखवणारं आणि लिहून देणारं माणूस हवं. आंधळ्या मुलांना बोर्ड देतं ना लेखनिक, तसं."

परतीच्या एस.टी.त भागीरथा खिडकीशी बसली होती. ती बाहेर बघून एकटीच हसत होती. आनंदाबाईने कोपराने ढोसलं, "काय झालं व? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. माय, मी ढ नाई!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मागे वळून "नाई नाई, कोण म्हणते?" अशी ग्वाही दिली.

बोर्डाकडून परवानगी काढणं हे मात्र हसण्यावारी नव्हतं. सर सुट्टी टाकून नागपूरला गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, लेखनिक मिळतो तो आंधळ्याला नाहीतर हात मोडलेल्याला. मुलगी धडधाकट असेल तर कशाला? ही बातमी गावात आली तसा रूपरावांचा दोस्त चिंधू ओट्यावर येऊन बसला आणि त्याने एक सोपा उपाय काढला.

"रूपराव, हात बांधून टाका पोरीचा. प्लास्टर मारा. माह्या ओळखीचा कंपाउंडर हाये. महिनाभर बांधला म्हणजे काय झडून जाते का?"

रूपराव खरंच विचारात पडले. पण भागीरथा आतून बाहेर आली. "माहा हात चांगला हाये काका. त्याले काऊन बांधू? मंग मी पास झाली तरी ते प्लास्टरच पास होईन."

चिंधू म्हणाला, "पोट्टीचं तोंड चालते बरं!"

"तेच तर चालते," आनंदाबाई म्हणाली, आणि ओट्यावर सगळेच हसले.

दुसऱ्या खेपेला सर भागीरथेलाच नागपूरला घेऊन गेले, डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यासह, आणि कारकुनाला ओलांडून थेट वरच्या साहेबांसमोर जाऊन बसले. साहेब वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी दाखला दोनदा वाचला, चष्मा काढला, भागीरथेकडे पाहिलं.

"लेखनिक तुला उत्तर सांगणार नाही. तू सांगशील तेवढंच लिहील. चालेल?"

"मले तेवढंच पाहिजे, साहेब."

साहेबांनी यंदापुरती परवानगी दिली. अर्धा तास जादा दिला. प्रश्न वाचून दाखवायलाही हरकत नाही म्हणाले. अटी दोन, लेखनिक परीक्षार्थ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, आणि केंद्रसंचालकांना कुठे गैर दिसलं तर त्यांनी परीक्षा जागच्या जागी थांबवावी.

आता लेखनिक शोधायचा. आठवी-नववीच्या पोरांच्या स्वतःच्या परीक्षा तोंडावर होत्या, आणि परीक्षेचं केंद्र वर्ध्याला, म्हणजे रोज जाणं-येणं. एका आईने तर स्पष्ट सांगितलं की शेजारी बसून तो रोग आमच्या पोरीला लागला तर? फेब्रुवारी संपत आला तरी कोणी मिळेना.

तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मनकर्णाबाई स्वतःच चालत आल्या. पंचावन्न वर्षांच्या, विधवा, पांढरं लुगडं, कपाळाला बुक्का. देवळात बायकांना पोथी वाचून दाखवायच्या. त्यांचं अक्षर असं की गावात कोणाच्या लग्नात दारावर 'शुभविवाह' लिहायचं असलं की त्यांनाच बोलावणं जायचं.

"मी सातवी हाये," त्या प्रेमदास सरांना म्हणाल्या. "इंग्रजाच्या काळातली. म्हणजे हिच्याहून कमीच शिकलेली की नाई?"

सरांनी परवाना काढून पाहिला. "नियमात वयाचं काही नाही, आजी."

"मंग झालं तर. मले मॅट्रिकच्या हॉलात एकदा बसून पाहायचं हाये. सातवी झाली अन् लगन लावून देलं. बापानं म्हटलं, पुढं शिकून का कलेक्टर होतं?"

मग महिनाभर रूपरावांच्या ओट्यावर दोघींची तालीम सुरू झाली. भागीरथा सांगायची, मनकर्णाबाई लिहायच्या. सुरुवातीला काही जमेना. भागीरथा सुसाट सुटायची आणि बाई पहिल्याच ओळीची वेलांटी घोटीत बसायच्या. "थांब व माय, पळतं कुठं? माहं पेन म्हातारं हाये!" मग भागीरथा वाक्य तोडून सांगायला शिकली आणि बाई वेलांटीचा मोह सोडायला. भूमिती आली तेव्हा भागीरथा म्हणाली, "तीन ठिपके मांडा, एक वर, दोन खाली," आणि मनकर्णाबाईंनी रांगोळी काढावी तसा एका दमात त्रिकोण काढला. "हे एवढंच का? उगाच भेवाडून ठेवलं लोकाइनं."

इंग्रजीला मात्र दोघी हरल्या. बाईंना ए बी सी डी येत नव्हती आणि भागीरथेला येऊन न आल्यासारखी. सरांनी बाईंना अक्षरं शिकवली. बाकीचं त्या कानाने लिहायच्या, जसं ऐकू येईल तसं. त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पाहून सरांना घाम फुटायचा, पण मोठ्याने वाचलं की ते इंग्रजीच असायचं.

पहिला पेपर मराठीचा. वर्ध्याच्या शाळेच्या फाटकाशी शिपायाने मनकर्णाबाईंना अडवलं.

"आजी, पालकाइनं बाहेर थांबायचं."

"पालक नाई मी. परीक्षेले आली."

"तुम्ही?" शिपाई हसू लागला. बाईंनी कमरेची पिशवी काढून बोर्डाचा परवाना त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, बाईंकडे पाहिलं, परत वाचला आणि फाटक उघडून बाजूला झाला.

दोघींना एका वेगळ्या खोलीत बसवलं होतं. केंद्रसंचालक वासुदेवराव म्हणून होते, टापटिपीचे, कडक. त्यांना हा प्रकार मुळातच पसंत नव्हता. आंधळा समजतो, लुळा समजतो, हे काय नवीन? या पोरीने तर फाटकातून आत येताना धावत्या सायकलीला चुकवून उडी मारलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. ते पर्यवेक्षकाला म्हणाले, "मी स्वतः येऊन उभा राहीन. म्हातारी एक शब्द जास्तीचा बोलली की पेपर बंद."

भागीरथेने ते ऐकलं. ती बाकाची कड धरून बसली. मनकर्णाबाईंनी तर पेन दोन्ही हातांनी धरलं होतं, समईची वात धरावी तसं.

पर्यवेक्षकाने प्रश्न वाचला. भागीरथेने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य अडखळत आलं. दुसरं जरा बरं. तिसऱ्याला ती ओट्यावर जाऊन बसली, समोर गल्लीतली पोरं बसली, आणि मग तिला खोलीचं, वासुदेवरावांचं, कशाचंच भान उरलं नाही. बाईंचं पेन कागदावर कुरकुरत तिच्यामागून येत होतं. तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की पेन कधी काना काढतं आणि कधी ओळ संपवतं हे तिला ऐकून कळायचं.

निबंध आला, 'आमच्या गावाचा बाजार'. भागीरथा अशी रंगली की पर्यवेक्षकही भिंतीला टेकून ऐकू लागला. तिने शेवटचं वाक्य सांगितलं, ती थांबली. आणि तिच्या कानांनी पाहिलं की पेन थांबलं नाही. ते चालतच होतं. एक ओळ. दुसरी ओळ.

तिने डोळे उघडले. वासुदेवराव दारातून आत येऊन बाईंच्या मागे उभे होते. बाईंना पत्ता नव्हता.

"आजी," भागीरथा हळूच म्हणाली, "मी केव्हाची थांबली. तुम्ही काय लिहून राह्यल्या?"

मनकर्णाबाई दचकल्या. चेहरा लालबुंद झाला. "काही नाई व. तू इतकं गोड सांगतलं, शेवट जरा उघडा वाटला. म्हणून माह्या मनानं एक ओवी टाकली. शोभून दिसते."

भागीरथेला वाटलं, संपलं. हे आता पेपर ओढून घेणार. पण तिच्या तोंडून जे निघालं ते भीतीने नाही निघालं.

"खोडा ते आजी. चांगली असन ओवी, पण ते माही नाई. माहं असन तेवढंच राहू द्या."

"मार्क वाढतीन व, बाई."

"ते तुमचे वाढतीन. मले माहे पाहिजे."

मनकर्णाबाईंनी जड हाताने दोन ओळींवर काट मारली. मग मागे कोणीतरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि पेन हातातून गळून टेबलाखाली घरंगळलं.

वासुदेवराव वाकले. त्यांनी पेन उचललं, खिशातल्या रुमालाने पुसलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"पुढचा प्रश्न वाचा," ते पर्यवेक्षकाला म्हणाले. आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. "बाई, ओवी नको. पण निबंधाला शीर्षक द्यायचं राहिलं आहे. ते तिला विचारून लिहा."

भागीरथेने शीर्षक सांगितलं. बाईंनी ते दारावरच्या 'शुभविवाह'सारखं वळणदार लिहिलं. त्याला वासुदेवरावांनी हरकत घेतली नाही. पुढच्या पेपरांना ते फेरी मारायचे, पण उभे राहायचे नाहीत; एकदा तर इतिहासाच्या पेपराला बाहेरच्या खिडकीशी बराच वेळ रेंगाळले, आणि पर्यवेक्षकाने खुर्ची देऊ का विचारल्यावर "नको नको, सहज" म्हणून निघून गेले.

इंग्रजीच्या पेपराहून परतताना दोघी एस.टी.त एकमेकींकडे बघत नव्हत्या. शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या, "ते 'बिकॉज' मी कसं लिहिलं माहीत हाये?"

"कसं?"

बाईंनी बोटाने हवेत लिहून दाखवलं. भागीरथेला त्यातलं बरोबर काय, चूक काय, ओ का ठो कळलं नाही. पण बाईंचं ते तोंड बघून तिला हसू फुटलं, बाईंनाही फुटलं, आणि आंजी येईपर्यंत दोघी डोळे पुसत हसत होत्या. कंडक्टरने विचारलं, "लग्नाहून का?"

जूनमध्ये निकाल लागला. प्रेमदास सर वर्ध्याहून गुणपत्रिका घेऊन आले ते सायकल उभी न करताच. सायकल आडवी पडली तशीच चाक फिरवीत राहिली.

"पास! भागीरथा, पास! इतिहास-भूगोलात शाळेत पहिली!"

आनंदाबाईने हातातलं सूप खाली टाकलं. रूपराव लेकीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग घरात जाऊन बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. चिंधू मात्र अख्ख्या गल्लीला सांगत सुटला की, मीच म्हणत होतो, प्लास्टरची गरज नाई!

"अन् इंग्रजी?" मनकर्णाबाई धावत आल्या होत्या, धाप लागलेली.

"छत्तीस," सर म्हणाले. "पस्तिसाला पास असतं."

"ते छत्तीस माहे हायेत!" बाई गरजल्या. "त्यात हिचं काही नाई. मले येत नाई ते इंग्रजी मी लिहिलं!"

"तुमचेच, आजी, तुमचेच," भागीरथा म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

या वेळी पेढे तिच्या घरून गेले. गल्लीतल्या प्रत्येक घरी ती स्वतः गेली. मनकर्णाबाईंच्या घरी सगळ्यात शेवटी. बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेढा घेतला, पण खाल्ला नाही, तळहातावर धरून बसल्या.

"काय झालं, आजी?"

"काही नाई व." मग जरा वेळाने, "सर म्हणत होते, घरी बसून बाहेरून परीक्षा देता येते. सतरा नंबरचा काही फॉर्म असते म्हणे. मले सारं लिहिता येते, भागीरथा. पण लिहू काय? डोक्यात तर पोथ्याच हायेत साऱ्या."

भागीरथेने पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग पदर खोचून त्यांच्या समोर मांडी घालून बसली.

"नद्यापासून सुरू करू का मातीपासून?"

"आजच?" मनकर्णाबाई बावरल्या.

"आजच. पेढा खा आधी. अन् ऐकजा नीट, मी दोनदा सांगणार नाई."

बाईंनी पेढा एका घासात संपवला, पदराला हात पुसले आणि सावरून बसल्या. भागीरथेने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.